विसावी पायरी

बाबा,

चाळिशी उलटली तरी तुमच्यावरचा राग उतरत नाही, म्हणून लिहिते आहे. काल ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. आम्ही चौघं शनिवारी फासे आणि कागद-पेन्सिल घेऊन खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि पात्र जसजसं टिकतं तसतसं ते एकेक पायरी वर चढतं. वाद असा, की खरी मजा कोणत्या पायरीवर. बाकीच्यांना विसावी हवी, आभाळ पेटवता येतं, मेलेले उठवता येतात. मी म्हटलं, तिसरी ते पाचवी, पुढे सगळा पोरखेळ. इतक्या तावातावाने म्हटलं की तिघांनीही हातातले घास खाली ठेवले. मी कोणाशी भांडत होते ते त्यांना कसं कळणार.

बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये लगद्यासाठी रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यातल्या एकात तुम्हाला ते इंग्रजी पुस्तक सापडलं आणि साहेबांना विचारून तुम्ही ते घरी आणलंत. अर्धं भिजलेलं, पाचव्या पायरीपुढची पानंच नव्हती, त्यामुळे खेळ पाचावर संपतो असं आम्ही धरून चाललो. डिक्शनरी घेऊन तुम्ही नियम मराठीत उतरवलेत. वीस बाजूंचा फासा कुठून आणणार, म्हणून एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या चहापत्तीच्या डब्यात. रविवारी दुपारी तुम्ही, मी आणि शेजारची माझी मैत्रीण. पुस्तकातले राक्षस तुम्हाला पटेनात. त्यांच्या जागी तुम्ही पोंभुर्ण्याच्या जंगलातलं अस्वल आणलंत, मोहफुलं वेचणाऱ्या बायकांच्या आधी झाडाखाली येऊन बसणारं. माझ्या वाटाड्या बाईला चौथ्या पायरीवर यायला वर्ष लागलं होतं. तिच्याकडे एक धनुष्य, अकरा बाण आणि दिवसातून एकदाच धुकं पाडणारा मंत्र. अस्वल समोर आहे, मी वारा कुठून येतो ते विचारते आहे, आणि तुम्ही सांगत नाही, नुसते हसता. एक चिठ्ठी वाईट निघाली की वर्षभराची बाई संपली. तशी मजा मला पुन्हा कुठल्याच खेळात आली नाही.

मग त्या उन्हाळ्यातला तो रविवार. तुम्ही माझा कागद ओढलात, चार खोडून डब्यातल्या चिठ्ठ्यांचा सगळ्यात मोठा आकडा, वीस, लिहिलंत आणि माझ्या बाईला एकही घाव लागणार नाही असं अंग देऊन टाकलंत. ना लढाई, ना काही. मला वाटलं, गंमत करताय. अस्वल आलं आणि पहिल्याच चिठ्ठीला मेलं. मग तुम्ही पुस्तकातला राक्षसांचा राजा काढलात, तोही मेला. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या.

"मंग मी खेळू कायले?" मी विचारलं.

"आता तुले कोनी मारू शकत नाई, बाई," तुम्ही म्हणालात. "बस, मले इतकंच पायजे."

माझं वर्ष तुम्ही पाण्यात घातलंत, असं मी तोंडावर बोलले. कधी आवाज न चढवणारे तुम्ही, तेव्हा ओरडलात, "मरायची एवढी हौस आहे का तुले?" मी उठून गेले. पुढचे तीन रविवार तुम्ही डबा घेऊन ओसरीत बसलात. मी आतून बघत होते, बाहेर आले नाही. चौथ्या रविवारी तुम्ही नागपूरच्या दवाखान्यात होतात, आणि पावसाळा लागायच्या आत गेलात.

पोटातल्या गाठीचं तुम्हाला होळीच्या आधीच कळलं होतं. आईलाही माहीत होतं, तिला तुम्ही माझी शपथ घातली होतीत. काय अधिकार होता तुम्हाला? चौदा वर्षांची होते मी, कुकुलं बाळ नव्हते. भीती वाटत असताना उभं कसं राहायचं ते तुम्हीच शिकवत होतात ना? मग खरी वेळ आली तेव्हा मला बाजूला का काढलंत? तुम्ही सांगितलं असतंत तर ते तिन्ही रविवार मी तुमच्यासमोर बसले असते. विसाव्या पायरीवरसुद्धा खेळले असते, कंटाळत का होईना, खेळले असते. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मरणाऱ्या बापाशी अबोला धरणारी मुलगी मला करून ठेवलंत. याची माफी मी तुम्हाला देत नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती माझ्याबरोबर खेळते, तिसऱ्या पायरीवर आहे. खेळात दयामाया नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. गेल्या आठवड्याच्या डावात वैनगंगेच्या पुरात तिची नाव उलटली. मी पुस्तकाआड फासा टाकला. ती ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. मी फासा उचलून मुठीत घेतला आणि म्हटलं, काठ सापडला तुला.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण पोरगी घरात सापडेल ते वाचते. फाडूनच टाकते. त्या फाशावर काय पडलं होतं, ते मला तिला सांगायचं नाही.