दादाचा फोटो आणि जुनी लेन्स

म्हैसूर, रविवार संध्याकाळ

डॉक्टरांनी हात टेकले, दादाला घरी आणलंय. आज म्हणाला, "हार घालायचा फोटो आत्ताच काढ. आधारकार्डावरचा लावलात तर भूत होऊन येईन."

माझी स्वस्तातली जुनी लेन्स लावली. तिचं छिद्र पूर्ण उघडलं की ती सगळं मऊ करते, खोल गेलेले गालही भरल्यासारखे दिसतात. माझ्या जिभेला कधी न जमलेली माया. की मलाच तो तसा हवा होता? फोटो बघून दादा म्हणाला, "अय्यो, हा कोण? खोटं नको रे."

मग लेन्सचं छिद्र बारीक केलं. तसं केलं की ती काहीच लपवत नाही. फोकस मात्र हाताने रिंग फिरवूनच लावायचा, त्यात वेळ जातो.

"झालं का रे? साकु, पुरे आता."

"थांब जरा."

फोकस केव्हाच लागला होता. मी रिंग फिरवत राहिलो.