भिंतीवरचा अंगठा

शनिवार, संध्याकाळ. आंग मो किओ, सिंगापूर.

बाबांना "हात लावू नका" असं मी का म्हणाले? दुपारपासून तेच टोचतंय.

माझ्या लेकीला, रियाला, शाळेसाठी मेक्सिकोतल्या जुन्या स्पॅनिश मिशनचं, म्हणजे पाद्र्यांनी उभारलेल्या चर्चचं, मातीचं मॉडेल करायचं होतं. कुठला भाग कुणाकडून आला ते बाण लावून दाखवायचं. कमानी अरबांकडून स्पेनमार्गे आलेल्या, घुमट रोमचा, कच्च्या विटा तिथल्या आदिवासींच्या. बाबा महिन्याभरासाठी नागपूरहून आलेत. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. भिंतीचा कोपरा कललेला दिसला, म्हणून अंगठ्याने दाबायला गेले. मी ओरडलेच. त्यांनी हात मागे घेतला, अंगठा लेंग्याला पुसला आणि ते खिडकीशी जाऊन बसले. त्याच हातांच्या कष्टावर मी इंजिनिअर झाले, आणि...

मी भाजी घेऊन आले तोवर मॉडेल पंख्याखाली वाळत होतं. कोपरा अगदी ओळंब्यात. त्यावर मात्र अंगठ्याचा ठसा, आणि त्याला चौथा बाण.

"हा पुसायचा राहिला का गं?"

"नो ला, मम्मी. तिथल्या खऱ्या विटांवर पण लोकांच्या बोटांचे मार्क्स असतात. मीच आजोबांना प्रेस करायला सांगितलं."

बाकीचे बाण इंग्रजीत. या एकावर वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलंय, 'आजोबा, नागपूर'.

"टीचरना कसं वाचता येणार?"

"टीचरसाठी नाहीये ते," रिया म्हणाली. "आजोबांना वाचायचंय."