बिनमिठाची भेदऱ्याची चटणी

बालाघाट, श्रावण १९६७

माय, पाया पडतो.

बाबांची काळजी नको करू, हेच सांगून राह्यलो. छाती आता दुखत नाही, माझ्या इथल्या अंगणात चालतात. फक्त जेवत नाहीत. डॉक्टरनं हार्टसाठी मीठ बंद केलं, तेव्हापासून ताट सरकवतात. धोतर कमरेवर टिकत नाही.

मी इंग्रजी मासिकात वाचलं, टमाटर, म्हणजे आपलं भेदरं, हार्टले लय चांगलं. त्यात पोटॅशियम हाय, व्हिटॅमिन सी हाय, अन् आंबटपणानं बिनमिठाचं जेवणही गोड लागते. डॉक्टरबी हौ म्हणाले. मी भेदरे भाजून, मिरची अन् सांभाराची हिरवी पानं टाकून चटणी केली. बाबांनी भातात कालवली, घास उचलला. तेवढ्यात मी हुशारी केली. म्हटलं, भेदरं वांग्याच्याच फॅमिलीतलं.

त्यांनी घास खाली ठेवला. "तुझ्या मायनं माझ्या जीवासाठी चातुर्मासात वांगं सोडलं. मी काहून खाऊ?"

"बाबा, हे वांगं नाही."

"आताच तर तू म्हटलं. तिले विचार."

तुझा गुडघा कसा हाय? तुझ्याजवळ शीला हाय, तिले म्हण, हे पत्र हळू वाचून दाखव.

माय, तुझ्या शब्दाबिगर ते हात लावत नाहीत. नेम तुझा हाय. तूच सांग, भेदरं वांग्यात मोजायचं का?

तुझा
गुणाकर