दिव्याखालचा हिरा

३ मार्च
वीस तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतील. लग्नात बायकोला म्हणालो होतो, हिऱ्याची अंगठी पुढच्या वर्षी. तिने एकदाही आठवण करून दिली नाही. भांडली असती तर बरं, निदान मला चिडता आलं असतं.
संकल्प: या वेळी हिरा घ्यायचाच. बजेट तंग आहे, पण अभ्यासू माणसाचं कशावाचून अडत नाही.

६ मार्च
चार व्हिडिओ पाहिले. हिऱ्यात कट महत्त्वाचा. कट म्हणजे गोल-चौकोनी आकार नव्हे, पैलू किती मापात पाडलेत ते. आता मी जवळजवळ एक्स्पर्ट. भिंग मागवलं.
संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात सुई डोळ्यांशी नेऊन माझ्या शर्टाचं बटण लावत होती. इथे चांगला दिवा लावा ना, म्हणाली. हे ती बरीच वर्षं म्हणते. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे. वाईट वाटलं, पण बचत तिच्यासाठीच चालली आहे.

१० मार्च
दुकानातल्या बाईंनी एकाच किमतीचे दोन हिरे पुढे ठेवले. एक लहान, उत्तम कटचा. दुसरा वजनाने मोठा. बाई म्हणाल्या, मोठ्याचं वजन सगळं पोटात आहे, उजेड खालून निसटून जातो. खिडकीपाशी नेऊन बघा, दुकानातल्या दिव्यांखाली काहीही चमकतं.
त्यांना लहान हिरा खपवायचा होता, हे मी तेव्हाच ओळखलं. भिंग लावून मोठा तपासला आणि त्याचीच अंगठी घेतली. खिडकीपाशी गेलो नाही.

११ मार्च, सकाळी
बाल्कनीत डबी उघडली. हिरा मधोमध काळसर. हवा ढगाळ असावी.

१२ मार्च
आज कडक ऊन. हिरा कालच्यासारखाच. दुकानात भिंग उलटं धरलं होतं, हेही कळलं. बाईंना फोन केला. परत घेत नाही, म्हणाल्या, आणि मी तुम्हाला सांगितलं होतं. हो, म्हटलं.
पंचवीस वर्षांनी आणलं काय, तर हे! जेवण गेलं नाही. एकदाच वाढून घेतलं.

१५ मार्च
मार्ग सापडला! दोष हिऱ्यात नाही, उजेडात आहे. दुकानासारखे दिवे घरीच लावायचे. अंगठी ओट्यापाशी द्यायची, अंधार पडल्यावर. दिवसा ती ऑफिसात असते. सुट्टीच्या दिवसांचं बघू.

१९ मार्च
बायको ऑफिसात असताना इलेक्ट्रिशियन येऊन गेला. स्वयंपाकघरात पाच स्पॉटलाइट? ऑपरेशन करायचंय का, म्हणाला. तू लाव, म्हटलं. बायकोला आज बटण दाबू दिलं नाही.

२० मार्च
दिवे लावताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, थांब, डबी उघडायची आहे अजून. उजेड डोळ्यांवर आला असेल. हिरा काय चमकला! छान आहे, म्हणाली, आणि पुन्हा वर बघत राहिली.
जिंकलो. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या खरं सांगायचं. नक्की.

२१ मार्च
ती घाईत होती.

२२ मार्च
मी घाईत होतो. दिवसभर घरीच होतो, पण घाईत.

२४ मार्च, रविवार
सकाळी ती खिडकीत बसून अंगठी फिरवत होती. मी पेपरात तोंड खुपसलं. हा हिरा दिवसा झोपतो वाटतं, म्हणाली, तुमच्यासारखा. आणि हसली.
त्या हसण्याने मला राहवेना. सगळं ओकलो. बाई, खिडकी, उलटं भिंग, मग दिवे. मन हलकं झालं. वाटलं, आता रागावेल आणि माफ करेल.
रागावली नाही. म्हणाली, हिऱ्याचं काय एवढं, तो असाच आहे हे मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या जिन्यात पाहिलं होतं. मला वाटलं, दिवे माझ्यासाठी लावलेत. इतक्या वर्षांनी माझं ऐकलंत, म्हणून रडू आलं.
मग माझा शर्ट आणि सुईदोरा घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. दिवे लावले नाहीत.