खालच्या मजल्यावरचं दही

पटपडगंज, दिल्ली
८ डिसेंबर १९९८

ती. अण्णासाहेब यांस, थंडीने आखडलेल्या दोन्ही हातांनी भालचंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, ते नक्की कळवा, म्हणजे इथल्या डॉक्टरांना विचारता येईल. वहिनींचा खोकला गेला असेलच. आम्ही सगळे मजेत आहोत. (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरी हकीकत पुढे येते आहे, ती बसून वाचावी.)

वास्तुशांतीला तुम्ही पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने, वरच्या बर्थवर न ठेवता थेट मांडीवर घेऊन आलात, तो तुमच्या दुकानातला सबवूफर स्पीकर ठणठणीत आहे. ठणठणीत आहे हीच अडचण आहे. तुम्हाला ठाऊक आहे, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमची तीस वर्षं गेली. त्या सरकारी भिंती म्हणजे शेजाऱ्याने घरात ट्रक आणला असता तरी कळलं नसतं. इथे स्वतःचा फ्लॅट झाला, सोसायटी झाली, लिफ्टसाठी खड्डाही झाला (लिफ्ट व्हायची आहे), पण भिंती अशा की पलीकडच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगून मी आमच्या प्रभाला गॅस बंद करायची आठवण करून देतो. अशा घरात तुमचा तो धान्याच्या कोठीएवढा काळा डबा. तुम्ही म्हणालात, कोपऱ्यात ठेवा, कोपऱ्यात आवाज भरतो. भरला, अण्णासाहेब. कोपरा भरून उरलेला खाली गेला.

खाली म्हणजे बरोब्बर आमच्या पायाखाली खुराना कुटुंब राहतं. खुरानासाहेब सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या मोटरची किल्ली त्यांच्या जानव्याला, म्हणजे पंजाबी माणसाला जानवं कुठलं, पायजम्याच्या नाडीला असते. त्यांच्या मनात आलं तर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं, नाहीतर 'प्रेशर नहीं है जी' एवढंच वर येतं. खुरानाबाई दिवाळीनंतर लुधियान्याला माहेरी जाऊन आल्या, तर घरात विरजणापुरतंही दही उरलेलं नाही. वाटी घेऊन वर आल्या. (आमची तनया विरजणाला 'जामन'च म्हणते. मराठी शब्द सांगितला की 'अच्छा, वही ना?' म्हणते. एवढ्या वर्षांत आम्ही दिल्लीत काय कमावलं ते हे.) प्रभाने विरजण दिलं. दही लागलं नाही. दही लागलं नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा विरजण हवं, म्हणून वाटी पुन्हा वर. तेही लागलं नाही. पाच आठवडे झाले, वाटी रोज येते आणि खाली रोज दूधच राहतं. आणि प्रभा बिचारी! तुमची बहीण म्हणून सांगत नाही, पण एवढी वाटी आली की 'बैठो जी' म्हणून बाईंना बसवते, स्वतः आत जाते, चांगला पाव तास खपते आणि निगुतीने झाकण ठेवून विरजण आणून देते. मी तर एका चमच्यात मोकळा झालो असतो.

असो. खुरानाबाईंनी निदान केलं की त्यांच्या फ्रिजवर ठेवलेलं पातेलं आमच्या डब्याच्या धमधमीने हलतं, आणि हललेलं दूध लागत नाही. मला हसू आलं, पण त्याच दिवशी प्रेशर गेलं, म्हणून हसू आवरलं.

मग मी उपाय सुरू केले. आधी डबा कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्ये आणला, तर त्याला अडखळून मीच पडलो. मग त्याच्याखाली आईची गोधडी घातली. मग स्कूटरची जुनी ट्यूब फुगवून तिच्यावर बसवला. त्यावर तो असा डुलायला लागला की तनया म्हणाली, बाबा, इसको उल्टी होगी. मग चार टेनिस बॉल अर्धे कापून चार पायांखाली दिले. (बॉल कापताना विळी गेली. प्रभाने विळी कशी गेली ते विचारलं, मी विषय बदलला.) शेवटी त्याच्यावर रजई टाकली, तर बातम्या देणारा माणूस विहिरीत पडून बातम्या देतोय असं वाटायला लागलं. इतकं करूनही दही लागेना. तुम्हाला खोटं वाटेल, पण चार दिवस मी डब्याची वायरच काढून ठेवली होती. तरीही लागेना! हे मी खाली सांगितलं, तर खुरानाबाई म्हणाल्या की असर रह जाता है.

मग परवा रविवारी कमिटीचे तीन सभासद पाहणीला आले. खुरानांच्या फ्रिजवर पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास ठेवला. ठरलं असं की मी वर जाऊन तबल्याची सीडी लावायची आणि त्यांनी खाली ग्लास बघायचा. मी वर आलो, सीडी शोधायला लागलो, ती सापडेना. तेवढ्यात खालून ओरडा झाला, 'हिल गया! देखो, हिल गया!' अहो, फ्रिज सुरू झाला होता! मी धावत खाली जाऊन सांगितलं की मी अजून काही लावलेलंच नाही. पण तोवर अहवाल लिहून झाला होता. सरकारी नोकरीत जन्म गेल्याने लिहून झालेल्या अहवालापुढे माझी मान आपोआप खाली जाते. मी सही करून आलो. तेव्हापासून आमचं पाणी पूर्ण बंद आहे. या वयात तळमजल्याच्या नळावरून बादल्या भरून तीन मजले चढतोय. गुडघ्याची चौकशी मी वर एवढ्या आस्थेने का केली ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

एवढं सोडलं तर तुमच्या भेटीला तोड नाही. प्रभा रोज तिच्यावरची धूळ पुसते. कोणीही आलं की पाण्याच्या आधी डबा सुरू होतो आणि 'माझ्या अण्णाने आणला' हे त्या धमधमीच्या वरच्या पट्टीत सांगितलं जातं. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा
भालचंद्र

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण. डबा परत पाठवायचा हा शब्द या घरात मी काढू शकत नाही. माहेरच्या वस्तूबद्दल मी ब्र काढला तर पाणी बंद होण्यापेक्षा वाईट काय असतं ते मला कळेल. म्हणून तुम्हीच प्रभाला दोन ओळी लिहा की त्या लॉटमध्ये दोष निघाला, कंपनी डबे परत मागवते आहे. स्टेशनवर पोचवायचं मी बघतो. अण्णासाहेब, नाही म्हणू नका, मी अक्षरशः पाया पडतो.

ता. क. दोन. नेहमीप्रमाणे खाली प्रभासाठी जागा सोडली आहे, ती तिच्या चार ओळी लिहील. काळजी नसावी, वरचं ती वाचत नाही. माझं अक्षर तिला लागत नाही.

—

ती. अण्णास प्रभाचा नमस्कार.

यांचं अक्षर मला लागत नाही, हे मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगून टाकलं. तेव्हापासून या घरातलं एकही पत्र माझ्यापासून लपवलं गेलेलं नाही.

डबा कुठेही जाणार नाही. अण्णा, तीस वर्षं त्या क्वार्टरमध्ये माहेरचं म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतं. तू एवढा दुखरा गुडघा घेऊन, रात्रभर मांडीवर धरून आणलास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि वास्तुशांतीला त्या खुरानाबाईने चार बायकांसमोर डब्यावर बोट वाजवून विचारलं, 'भाई की दुकान में बिका नहीं होगा ना?' मी तेव्हा पुरणपोळी वाढत होते. हसले आणि वर तूपही वाढलं.

पण तिची वाटी आली की आत नेऊन विरजणासकट उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवते, मग गार करून देते. ते सात जन्मात लागायचं नाही. आता पाच आठवडे झाले, माझा राग गेला. उद्यापासून चांगलं देईन. दही लागेल, पाणी चढेल. तू फक्त कंपनीबिंपनीचं काही लिहू नकोस.

डब्याच्या मागचं बटण अर्ध्यावर आणलं की खाली काही जात नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. यांना सांगणार होते, पण तेवढ्यात यांनी ट्यूब फुगवायला घेतली.

पत्र मीच टाकून येते. हे खाली गेलेत, अजून दोन बादल्या यायच्या आहेत.