रिकव्हर आणि रिगेन

मंगळवार, सापगाव

अर्धांगवायूनं सुमनची, माझ्या बायकोची, वाचा गेली त्याला महिना झाला. डॉक्टर इतके दिवस "रिकव्हर होतील" म्हणायचे. आज म्हणाले, "जेवढं रिगेन होईल तेवढं." शब्द बदललेला माझ्या कानानं लगेच टिपला.

येताना गाडीत मनीषाला विचारलं. लेक किन्हवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवते.

"दोन्हीत फरक काय गो?"

"रिकव्हर म्हणजे बरं होणं. रिगेन म्हणजे गेलेलं परत मिळवणं."

"मंग बरं होणं कुठं गेलं?"

"बाबा, तुमी वकील व्हायला पायजे होतं." हसली, आणि मग खिडकीबाहेरच बघत राहिली. उगाच विचारलं का मी?

सांजेला सुमननं माझ्याकडं बघून तोंड उघडलं. बराच वेळ शोधत होती. नुसतं "अवो" म्हणायचं होतं तिला, ते नाय गावलं.

तरी मी ओ दिली.