भाजलेल्या वाळूचा पाइप

माय, परवा अंगणात पाइप वाकवताना मला तुझा राग आला. जाऊन इतकी वर्षं झालेल्या माणसावर रागवावं का, तेही कळत नाही.

आयटीआयमधून वेल्डिंग शिकून आले आणि औरादच्या आपल्या घरामागंच मी जीपगाड्यांचे कॅरियर, पुढचे गार्ड करायला लागले. पाइप रिकामाच तापवून वाकवला तर वळणावर चपटा होतो, म्हणून आत वाळू ठासून भरायची, एवढं मला ठाऊक होतं. वाळू किती कोरडी हवी ते मात्र तू शिकवलंस. बाजारातल्या फुटाण्याच्या भट्टीवर तुझा जन्म गेलेला. चुलीवर कढईत तू माझ्यासाठी वाळू भाजायचीस आणि वर स्टीलचं ताट धरायचीस. ताटाला घाम आला की म्हणायचीस, "ओली हाय अजून. वाफ कोंडली तर बूच उडून तोंडावर येईल, पोरी."

मग तो दिवस. आळंदचे एक गाडीवाले अण्णा बाजेवर बसलेत. मी पाइप भरलाय, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकलीत, आता गॅस पेटवणार. तू भट्टीवरून येतेस, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवत नाहीस, पाइप ओढून घेतेस, बूच उपटतेस आणि सगळी वाळू जमिनीवर ओततेस.

"आज न्हाई वाकवायचं."

"कामून?"

"न्हाई म्हटलं ना."

परक्या माणसासमोर माझं तोंड एवढंसं झालं. रागाच्या भरात मी तो पाइप रिकामाच वाकवला आणि तो वळणावर चेपला. अण्णा चहासुद्धा न घेता गेले. तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी बोललो, ते भाजीत मीठ कमी पडलं म्हणून. पुढं तुझं आजारपण आलं आणि विचारायचं राहूनच गेलं. वाळू ओली होती का? पण सकाळी तूच तर ती भाजून ठेवली होतीस. की आदल्या दिवशी मावशी म्हणाली, "पोरगी लोखंड वाकवायली, हिला कोण करून घेईल?" ते तुझ्या मनाला लागलं होतं? पण ती तसं म्हणाली तेव्हा तू तर हसली होतीस.

गेल्या आठवड्यात जनवाड्याचे एक गुरुजी आले. अपघातानंतर त्यांच्या पायांत ब्रेक दाबण्याइतका जोर राहिलेला नाही. गाडीचा ब्रेक हातानं दाबता यावा म्हणून त्यांना दोन वळणांचा दांडा हवा होता. वळण चेपलं आणि दांडा ऐन रस्त्यात मोडला तर माणूस जायचा. परवा मी वाळू तीनदा भाजली. ताट कोरडं ठणठणीत, तरी गॅस पेटवायला हात होईना. कुणीतरी येऊन पाइप ओढून घेईल असं वाटत राहिलं. कुणी आलं नाही. वळणं अगदी गोल आली.

आज तुरी काढलेल्या रानात गाडी चालवून पाहिली. गुरुजींनी दांडा दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी ती परत चालवली, परत थांबवली, सात-आठ वेळा. मग डोळे पुसत विचारलं, "हे कुणाकडं शिकलात, बाई?"

"बिदरात एक उस्ताद होते," मी म्हटलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून खरं लिहिते. असा कुणी उस्ताद नव्हता, माय. तुझं नाव का घेतलं नाही, ते लिहायलाच बसले होते. पण ते मलाच ठाऊक नाही.